हळू आवाजातली रदबदली

निजामाच्या तहसीलदाराच्या मनात आलं की दवंडी बंद करून गावोगाव छापील इश्तिहार चिकटवावेत. पोटावर पाय येतोय म्हटल्यावर तालुक्यातल्या दवंडीवाल्यांनी तेलगावच्या सटव्याला कचेरीत रदबदलीला धाडलं, कारण आवाज त्याचाच तगडा. सटव्यानं तहसीलदाराच्या कारकुनाला, पेशकाराला कोपऱ्यात गाठून घोंगडीखालून तुपाचं गाडगं काढलं. "हळू बोल बे," पेशकार पुटपुटला. जन्मभर दवंडी दिलेला गडी, त्याच्या लेखी हळू म्हणजे हलगी न वाजवता. "हुजूर, हे तूप घ्या अन् आमची दवंडी ऱ्हाऊ द्या." रस्त्यापलीकडं बाजारातली गिऱ्हाइकं थबकली. आतून तहसीलदारच बाहेर आला. "कागद एवढ्या लांब जायचा नाही. दवंडी राहू द्या," तो म्हणाला, आणि पेशकाराकडं बघत नवी दवंडी तिथंच फर्मावली. सटव्यानं हलगी वाजवली: "ऐका हो, कचेरीत कुणी तूप आणू नये." "मघाशीच आयकलं की," बाजार म्हणाला.