बाबांच्या नावाची पायरी

डोंगरावरच्या देवीच्या जुन्या देवळाकडे चढताना देवेश निम्म्या वाटेत थांबला आणि त्याने आईला एक नवीकोरी पायरी दाखवली. दगडात कोरलं होतं, 'कै. दशरथ घाडी, नाहूर, मुंबई यांच्या स्मरणार्थ.'

"वर्षश्राद्धाच्या आधी मुद्दाम बसवून घेतली. आता हजारो लोक बाबांच्या पायरीवरून देवीला जातील."

रत्नप्रभाने त्या पायरीवर पाय ठेवला नाही.

"तीन वर्षं चौथ्या मजल्यावरून खाली उतरता आलं नाही त्यांना. उतरले ते थेट चौघांच्या खांद्यावरून."

"आई, इथे नको ना आता तो विषय."

"अख्ख्या बिल्डिंगने लिफ्टसाठी सह्या दिल्या. सही अडवून धरलीस ती तू, पोटच्या पोराने."

"अगं, लिफ्ट माझ्या पार्किंगच्या जागेत येत होती. मी गाडी कुठे लावली असती?"

रत्नप्रभाने नारळाची पिशवी त्याच्या हातात कोंबली आणि ती माघारी उतरायला लागली.

"मग हा दगड तिथेच बसवायचा होतास. रोज गाडी लावताना तरी बाप आठवला असता."