स्पीकरचं पाणी

वैशाखातल्या भर दुपारी मोरखिंडीच्या पोरी छपरांवर चढल्या आणि सोलरच्या पाट्यांवर गोधड्या पसरू लागल्या, तेव्हा वऱ्हाडाला वाटलं, अख्ख्या वाडीला ऊन बाधलं.

ऐंशी माणसं सांगून तीनशे आली होती, तीही लेकरं सोडून. झरा आटलेला, पिंपं तळाला गेलेली. लेकीच्या लग्नातून व्याही तहानलेले परतले, तर पारूबाईंना जन्मभर बोल लागला असता.

वाडीला तारेची वीज कधी पोचलीच नाही. पावसाळ्यात पवनचक्क्या झऱ्याचं पाणी फोडून त्यातला हायड्रोजन टाक्यांत भरत. ऊन नसलं की घरोघरचा संच त्याच हायड्रोजनची वीज करी आणि नळीतून पाणी सोडी. जितकी वीज जाळावी, तितकं पाणी.

"ऊन झाकलंय, आता वीज उधळा," पारूबाई म्हणाल्या. "गिरणी, इस्त्र्या, मिक्सर, सगळं लावा. आणि तो मोठा स्पीकर काढा."

"आमच्या घराण्यात लग्नाला स्पीकर चालत नाही," नवरदेवाचे मामा दौलतराव गुरगुरले.

"मग पाणी घरून आणलंय का, मामा?"

गाणं दणाणलं, रिकाम्या गिरण्या घरघरल्या, आणि दारोदारच्या कळशांत गेल्या आषाढातला पाऊस उतरू लागला. मामांनी दोन तांबे घटाघटा रिचवले.

तिसऱ्या गाण्याला कुणीतरी आवाज कमी केला, तसे मामाच ताडकन उठले.

"अरे, बायकांची पंगत अजून बसायचीय. वाढव की आवाज."