माझं अजून बघून झालं नाही

कुंदाचा उजवा डोळा गेलाच होता. डावाही दिवाळीपर्यंतच साथ देईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. नवरा गेल्यापासून लॅपटॉपवर नऊ हजार फोटो अस्ताव्यस्त पडले होते. ते लावून ठेवायला लेक गंधाली मुलुंडच्या घरी एकेक सॉफ्टवेअर दाखवू लागली. पहिल्याने तारखेप्रमाणे लावले. “तारखांचं काय करू गं?” दुसरं फोटो बघून बोललं, “समुद्र. एक पुरुष हसत आहे.” कुंदा कळवळली. “तुझे बाबा आहेत ते. आयुष्यभर त्यांना ‘एक पुरुष’ म्हणून ऐकू?” तिसऱ्यात प्रत्येक फोटोला आपला आवाज जोडता यायचा. “हेच घे.” “रोज शंभर केलेस तरच उरकतील, आई.” कुंदा घाईने बोलू लागली, “हा खारदांड्याचा समुद्र. पापलेटचा भाव ऐकून हे हसले होते...” गंधालीने पुढचा फोटो आणला. कुंदाने तिचा हात धरला. “मागचाच लाव. माझं अजून बघून झालं नाही.”