पेटीचा कौल

देवाच्या कारभारात माणसाने हात घालू नये, असं मसुऱ्याच्या आसपासचा प्रत्येक शहाणा माणूस मानतो. अगदीच गरज पडली, तर तो बायकोला सांगतो.

कौस्तुभने किशोरीच्या गळ्यात बेस गिटार अडकवली आणि सगळ्यात जाड तार दाखवली. "ही. देवळातली घंटा ऐकलंस की वाजवक लाग. मी येयपर्यंत थांबा नको."

"आणि देवी कोपली तर?"

"ती माझ्यार कोपात. तू तार बघ गो."

स्पीकरची पेटी त्याने स्वतः बांधली होती. जुना मोठा स्पीकर स्कूटरवरून शिरोड्याच्या कार्यक्रमांना नेता येईना. मग होड्या बांधणाऱ्या सुताराकडून त्याने प्लाय आणला, कापून चिकटवला, आतून उशीचा कापूस लावला आणि हवा खेळायला पुढे न्हाणीच्या पाइपाचा तुकडा बसवला. पेटी स्कूटरवर दोन पायांमध्ये मावायची. आवाज दणकट होता. फक्त अगदी तळाचा सूर तिला पेलत नसे, नुसती घरघर यायची. लहान पेटीचं तसंच असतं, अशी त्याने मनाची समजूत घातली होती.

गावाची समजूत कोण घालणार? शेजारच्या हौसाबाईच्या कोंबड्या अंडी घालेनाशा झाल्या आणि तक्रार थेट देवळात गेली. मानकऱ्यांनी ठरवलं, ग्रामदेवी पावणाईचा कौल घ्यायचा. देवीच्या पाषाणाच्या दोन्ही बाजूंना फुलाची ओली पाकळी चिकटवायची आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. नकार आला तर पेटी गावाबाहेर आणि कौस्तुभ परत पुण्याच्या नोकरीत. तसा शब्द त्याने वडिलांना दिला होता.

तरी तो निर्धास्त होता. त्याची पडवी आणि देवळाची उजवी भिंत एकाच कातळावर उभी. पडवीत जाड तार घरघरली की उजवीच पाकळी सुटते, हे त्याने रिकाम्या देवळात पाहून ठेवलं होतं. पेटीच्या खटल्यात निकालही पेटीच देणार होती.

वाटेत वायरमन मंगेश भेटला, शिडी खांद्यावर घेऊन.

"उजवो लागलो तर शिरोड्याक माका फुकट आत सोड हां!"

"तुका पुढची खुर्ची," कौस्तुभ म्हणाला आणि देवळात शिरला.

कौलाच्या वेळी तिथे विजेचा दिवा लावत नाहीत. समई तेवढी जळत होती. बाबू गुरवाने पाकळ्या चिकटवल्या आणि हात जोडले.

"गे माय पावणाये, ह्या झिलान एक खोको केल्यान हा..."

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"तो हंय रवाक तुझी राजी आसात, तर उजवो कौल दी."

"व्हय म्हाराजा!"

"डावो दी गे बाय," मागून हौसाबाई पुटपुटली.

घंटा वाजली.

काहीच झालं नाही. समईची ज्योत सरळ उभी. डाव्या पाकळीखालून पाण्याचा थेंब ओघळला आणि त्याच्यासोबत पाकळीही किंचित घसरली.

मग कौस्तुभच्या तळपायाला जाणवलं. जमिनीतून एक सूर वर येत होता. पोटऱ्यांतून, बरगड्यांतून तो दातांपर्यंत पोहोचला. ज्योत शहारली. उजवी पाकळी सुटली आणि खाली पडली.

"उजवो!" बाबू ओरडला. हौसाबाईने गुपचूप हात जोडले.

कौल लागला, तरी सूर थांबेना. घरघर कुठेच नव्हती. एवढ्याशा पेटीतून इतका खोल आणि स्वच्छ सूर! पाइप बरोबर बसला म्हणायचा. कौस्तुभला स्वतःच्या हाताचं कौतुक वाटलं.

तो धावतच घरी आला. किशोरी पडवीच्या पायरीवर बसली होती, गिटार गळ्यातच. एका हाताने वर्तमानपत्राने वारा घेत होती. पडवीची जमीन अजून थरथरत होती.

"झालां काम! आता थांबव गो."

"काय थांबवू?" किशोरी म्हणाली. "घंटेच्या आदीच लाईट गेली. मंगेश अजून खांबार आसा."