पिवळा वाळा

एकाच घरात, एकाच महिन्यात जन्मलेली दोन मुलं. बोलणं-चालणं टिपणारा, वाढ मागे पडली की पिवळा होणारा पायातला वाळा धाकट्या जावेच्या कनकचा हिरवा उजळायचा आणि मृण्मयीच्या दीड वर्षांच्या शर्विलचा या महिन्यापासून पिवळा. मृण्मयीचा नुसता जळफळाट व्हायचा. महिन्याची नोंद बालविकास केंद्रात जायच्या दिवशी तिने गुपचूप दोघांच्या वाळ्यांची अदलाबदल केली.

दुसऱ्याच दिवशी थेरपीच्या ताई कनकसाठी दारात हजर. जावेचा उतरलेला चेहरा पाहून मृण्मयीला बरं वाटलं. पण ताई कनकशी चेंडू खेळू लागल्या, तसा तिला त्या खेळाचाही हेवा वाटला.

"हिला माझी गरज नाही," म्हणत ताई उठल्या.

कोपऱ्यात शर्विल डब्याचं झाकण फिरवत बसला होता. मृण्मयीने हाक मारली, तरी त्याने वळून पाहिलं नाही.

"बसा ताई," ती म्हणाली. "पिवळा वाळा ह्याचा आहे."