पितळी पट्ट्यांची स्टिक

सकाळी अकरा वाजता गोल्फ क्लबच्या काचेच्या कपाटात जुनी स्टिक मांडली गेली. खाली पाटी होती: 'पहिली हायब्रिड, १९८९. रचना: जहागीरदार.'

चाळीस वर्षं क्लबच्या स्टिका दुरुस्त करणारे शेलारमामा पाटी वाचून पेटले. वुड या लांब फटक्याच्या स्टिकचं लाकडी डोकं तासून आयर्न या लोखंडी पात्याच्या स्टिकच्या आखूड दांडीवर त्यांनीच बसवलं होतं; दोन्हींची मिळून झाली ती हायब्रिड. उंच गवतात अडकू नये म्हणून तळाला दोन पितळी पट्ट्याही ठोकल्या होत्या.

"कल्पना माझी, मामा," कपाटाशी उभे असलेले क्लबचे अध्यक्ष जहागीरदार हसले. "तुमचे फक्त हात."

मामांनी उघड्या कपाटातून स्टिक उचलून खिशातल्या ब्लेडने मुठीचं रबर चिरलं. आत, प्रत्येक स्टिकवर ते लिहीत तसं, लिहिलेलं होतं: 'शेलार, १९८७.'

"तुम्ही क्लबात आलात एकोणनव्वदला, साहेब. तोवर कल्पना कुठे ठेवली होती?"

संध्याकाळी मामांना क्लबच्या वस्तूची नासधूस केल्याची नोटीस मिळाली. पाटी अजून तिथेच आहे.