पाव्हण्याचा ट्रक

शालनच्या गॅरेजसमोर ट्रक फटफटत थांबला आणि तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा खाली उतरला. बायकोला घराबाहेर काढून त्याने पोर स्वतःकडे ठेवून घेतली होती. आज धूर बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डचा बोल्ट इंजिनातच मोडला होता आणि मागे टोमॅटो भरलेले होते.

“अक्का, तुमच्याशिवाय हे कुणाला जमायचं नाही.”

तिने मॅनिफोल्ड उतरवला. अडकलेल्या तुकड्यावर नट वेल्ड केला आणि पान्याने हळूहळू फिरवत तो बाहेर काढला. मग मॅनिफोल्ड आत ठेवून दाराला कुलूप लावलं.

“पाव्हणं, ओवीला आणा. मग बसवते.”

तो आधी चिडला, मग गयावया करू लागला. दुपारी त्याचा भाऊ पोरीला घेऊन आला. शालनने शब्द दिल्याप्रमाणे कुलूप काढलं.

“चल ओवी, हे झालं की आईकडे जाऊ.”

“आई तर मेली. बाबांनी सांगितलंय.”

शालनने कुलूप पुन्हा लावलं आणि पोरीला स्कूटरवर बसवलं.

“अक्का, माल सडेल माझा.”

“सडू दे,” ती म्हणाली आणि ओवीला तिच्या आईकडे घेऊन निघाली.